फासे, पत्ते आणि दिलेला शब्द



या सदरात मी सहसा मुदत ठेवी, वारसनोंद, कर्जफेड, जामीनकी अशा विषयांवर लिहितो. आज एका खेळाविषयी लिहिणार आहे. वयाच्या सहासष्टाव्या वर्षी मी हे काय आरंभिले आहे, असे काहींना वाटेल. परंतु लेख संपेपर्यंत धीर धरावा, ही विनंती. विषय फिरून पुन्हा हिशेबावरच येतो.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी दुपारी आमच्या सौ. माझ्या खोलीत आल्या आणि दार लोटून हळू आवाजात म्हणाल्या, "अहो, पोरं फासे घेऊन बसली आहेत. पत्ते आहेत, नाणी आहेत. आणि तुमचा भाचासुद्धा त्यांच्यात बसलाय. जरा उठून बघा."

आपल्या घरांतून सप्तव्यसनांच्या यादीत जुगार पहिला सांगितला जातो. सौ.ची काळजी अनाठायी नव्हती. मी उठून दिवाणखान्यात गेलो. अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षात शिकणारा नातू, सनदी लेखापालाची परीक्षा देणारी नात आणि सांगलीच्या बाजारात हळदीची अडत असलेला माझा भाचा असे तिघे जमिनीवर एक मोठा पट पसरून बसले होते. नातवाने वर पाहिले आणि म्हणाला, "आजोबा, चौथा माणूस हवाच होता. बसा." मी पाहणी करायला गेलो होतो, खेळाडू होऊन बसलो.

खेळाचे नाव 'स्पार्टाकस: अ गेम ऑफ ब्लड अँड ट्रेचरी'. रक्त आणि विश्वासघात यांचा खेळ, असे त्याच्या नावातच लिहिले आहे. 'गेल फोर्स नाइन' या प्रकाशनसंस्थेने तो 2012 साली बाजारात आणला. तो 2010 मध्ये सुरू झालेल्या एका अमेरिकी दूरचित्रवाणी मालिकेवर आधारलेला आहे. ती मालिका कुटुंबाने एकत्र बसून पाहण्याजोगी नाही आणि हा खेळही लहान मुलांसाठी नाही, हे प्रथमच स्पष्ट करतो. आमचे खेळाडू सर्व सज्ञान होते. आपल्याही घरी कोणी हा खेळ आणला असेल, तर आतली पत्ती आधी वडीलधाऱ्यांनी चाळावीत. चाळताना काय पाहायचे ते कळावे, म्हणून खेळ कसा चालतो ते क्रमाने सांगतो.

खेळाचे स्थळ प्राचीन इटलीतील कापुआ हे नगर. प्रत्येक खेळाडू एका घराण्याचा धनी असतो. मूळ संचात अशी चार घराणी आहेत: बॅटिएटस, सोलोनियस, ग्लेबर आणि टुलियस. प्रत्येकाला आरंभी काही नाणी, काही ग्लॅडिएटर म्हणजे रिंगणात लढणारे योद्धे, काही गुलाम आणि काही पहारेकरी मिळतात. हे सारे पत्त्यांच्या रूपात असते. याखेरीज प्रत्येकाचा 'प्रभाव' अंकांत मोजला जातो. खेळ किती लांबवायचा त्यानुसार आरंभीचा प्रभाव 1, 4 किंवा 7 धरतात. ज्याचा प्रभाव 12 होईल, तो जिंकला. नाण्यांचा ढीग कितीही मोठा असला तरी तो विजय मिळवून देत नाही. विजय प्रतिष्ठेने मोजला जातो. व्यापारी माणसाला ही गोष्ट निराळी समजावून सांगायला नको.

प्रत्येक फेरीचे चार टप्पे असतात.

पहिला टप्पा जमाखर्चाचा. वापरलेली पत्ती पुन्हा सरळ करायची, जखमी योद्ध्यांसाठी फासा टाकून ते बरे होतात का ते पाहायचे आणि मग हिशेब मिटवायचा. कामावर असलेल्या दर गुलामामागे एक नाणे जमा, दर योद्ध्यामागे एक नाणे खर्च. म्हणजे ज्याच्याकडे पराक्रमी योद्धे अधिक आणि काम करणारे हात कमी, त्याची पेढी दर फेरीला आतबट्ट्यात जाते. माझ्या नोकरीच्या काळात दर्शनी भाग चकचकीत आणि खेळते भांडवल शून्य अशी दुकाने मी अनेक पाहिली. पहिल्याच फेरीत नातवाचे घराणे मला तसे दिसले.

दुसरा टप्पा कारस्थानाचा. प्रत्येकाने तीन पत्ते उचलायचे. काही पत्ते डावपेचाचे असतात, काही दुसऱ्याचा डाव हाणून पाडण्याचे. प्रत्येक डावपेचाच्या पत्त्यावर तो खेळण्यासाठी किती प्रभाव हवा तो आकडा छापलेला असतो. आपला प्रभाव कमी पडत असेल, तर दुसऱ्या खेळाडूचा पाठिंबा मागून त्याचा प्रभाव आपल्यात मिळवता येतो. तो पाठिंबा फुकट मिळत नाही. नाणी द्यावी लागतात किंवा पुढे काही करण्याचे वचन द्यावे लागते. नको असलेला पत्ता त्यावर लिहिलेल्या किमतीला मोडून रोख रक्कमही घेता येते.

तिसरा टप्पा बाजाराचा. आधी खेळाडू आपसांत खरेदी-विक्री करतात. नंतर लिलाव होतो. जितके खेळाडू तितके पत्ते मांडायचे आणि एकेक उलटायचा. प्रत्येकाने आपली बोली मुठीत धरायची आणि सर्वांनी एकदम मूठ उघडायची. ज्याची नाणी अधिक, त्याला माल मिळतो व त्याची नाणी जातात. इतरांची त्यांच्याकडेच राहतात. बरोबरी झाली तर त्या दोघांनी पुन्हा बोली लावायची.

येथे माझा भाचा खुलला. रुमालाखाली बोटे दाबून सौदा करण्याची जुनी हत्ता पद्धत त्याने आपल्या वडिलांकडून ऐकलेली आहे. ती नियंत्रित बाजारांत बंद का करावी लागली, हेही तो जाणतो. तो नातवाला म्हणाला, "मूठ मिटलेली असली की माणूस मालाची किंमत बघत नाही, समोरच्याच्या तोंडाकडे बघतो. आणि मग जास्तीची बोली लावून बसतो." झालेही तसेच. नातवाने पहिल्याच योद्ध्यावर सारी नाणी ओतली आणि पुढचे तीन पत्ते अत्यंत स्वस्तात आम्ही तिघांनी उचलले. माल कितीही चांगला असो, शेवटच्या बोलीपर्यंत गाठीशी रोकड राखली पाहिजे. कारण लिलावाच्या अखेरीस सर्वांत महत्त्वाची बोली असते, ती रिंगणाच्या यजमानपदाची. जो ती जिंकेल त्याला एक प्रभाव मिळतो आणि कोणी कोणाशी लढायचे ते तो ठरवतो.

चौथा टप्पा रिंगणाचा. यजमान दोन घराण्यांना निमंत्रण देतो; हवे तर त्यांत स्वतःलाही बसवतो. निमंत्रण नाकारले तर एक प्रभाव कमी होतो. मग उरलेले आणि लढणारे सारेच निकालावर पैजा लावतात आणि लढत सुरू होते. प्रत्येक योद्ध्याच्या पत्त्यावर आक्रमण, संरक्षण आणि वेग असे तीन आकडे असतात व तितके तितके फासे त्याला मिळतात. वेगाच्या फाशांची बेरीज ज्याची अधिक, तो आधी जायचे की मागून, हे ठरवतो. हल्ला करणारा आपले आक्रमणाचे फासे टाकतो, दुसरा संरक्षणाचे. दोघांनीही फासे मोठ्याकडून लहानाकडे मांडायचे आणि जोडीजोडीने ताडून पाहायचे. हल्ल्याचा आकडा मोठा असेल तरच घाव बसतो. बरोबरी झाली तर संरक्षण जिंकते. ज्या हल्ल्याच्या फाशासमोर संरक्षणाचा फासाच उरलेला नाही, तो 3 किंवा अधिक पडला की घाव बसतो.

प्रत्येक घावामागे एक फासा सोडून द्यावा लागतो. अखेरीस दोन फासे उरले तर योद्धा शरण गेला, एक उरला तर जखमी झाला, एकही उरला नाही तर मेला. जिंकणाऱ्याच्या घराण्याला एक प्रभाव मिळतो. हरलेला जिवंत असेल, तर त्याने जगायचे की मरायचे हे यजमान अंगठ्याने सांगतो.

नातीने कागद घेऊन तिथल्या तिथे एक गणित केले. ते वाचकांना आवडेल म्हणून देतो. दोन्ही बाजूंना एकेक फासा असेल तर 36 शक्यतांपैकी 15 वेळा घाव बसतो, म्हणजे शंभरात सुमारे 42 वेळा. आता हल्ल्याचे फासे दोन आणि संरक्षणाचा एकच असेल तर? दोहोंतला मोठा फासा संरक्षणाला सुमारे 58 टक्के वेळा हरवतो आणि उरलेला लहान फासा 44 टक्के वेळा 3 वा त्याहून अधिक असतो. दोन्ही मिळून दर हल्ल्यामागे सरासरी एक घाव पुरता. म्हणजे फासे दुप्पट केले, पण परिणाम जवळजवळ अडीचपट झाला. मुद्दा असा की बलाबल थोडे जरी झुकले, तरी नुकसान त्याच प्रमाणात होत नाही, त्याहून वेगाने होते. पहिला फासा गमावणे हेच महागात पडते. थकलेल्या पहिल्या हप्त्याविषयी कर्जदारांना मी वर्षानुवर्षे हेच सांगत आलो.

इतके ऐकून सौ. म्हणाल्या, "म्हणजे पैजा आहेतच की." नाणी खेळातली, खोटी; घरातला एक रुपयाही पणाला लागलेला नव्हता. फासा म्हणजे जुगार नव्हे, पणाला लावलेले धन म्हणजे जुगार, असा युक्तिवाद मी करू लागलो. पण त्यांनी विचारले, "मग त्यांना सवय कशाची लागेल? फाशाची की पैजेची?" या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. पैजांचा भाग आम्ही गाळला. खेळाचे त्याने काहीही बिघडले नाही. नातीने आणखी एक सुचवले: यजमानाने हरलेल्याला नेहमी जीवदान द्यायचे आणि सर्व फासे गेले तर योद्धा मेला न म्हणता निवृत्त झाला म्हणायचे. तेही सर्वांनी मान्य केले.

आता मूळ प्रसंगाकडे येतो.

आमचा पहिला डाव साडेतीन तास चालला. शेवटच्या फेरीत नातवाचा प्रभाव 9 होता, भाच्याचा 8. नात व मी मागे होतो. नातवाच्या हाती एक डावपेच होता. तो साधला तर एक प्रभाव मिळणार होता. पण तो खेळण्याइतका प्रभाव त्याच्यापाशी नव्हता. त्याने भाच्याकडे पाठिंबा मागितला, शिवाय यजमानपदाच्या बोलीसाठी तीन नाणीही मागितली. बदल्यात सर्वांसमक्ष म्हणाला, "काका, मी यजमान झालो की पहिलं निमंत्रण तुम्हालाच. समोर आजोबांचा दुबळा योद्धा देतो. शब्द आहे माझा."

भाच्याने पाठिंबा दिला. नाणीही मोजून दिली. डावपेच साधला, नातू 10 वर गेला. लिलावात तो यजमान झाला, 11 वर गेला. मग त्याने निमंत्रण जाहीर केले: एक स्वतःला आणि दुसरे मला. माझ्या दुबळ्या योद्ध्याला हरवून त्याने बारावा प्रभाव मिळवला आणि डाव जिंकला.

भाचा म्हणाला, "अरे, शब्द दिला होतास." नातवाने शांतपणे नियमांची पुस्तिका पुढे केली. पुढे काही करण्याचे वचन पाळण्याचे बंधन खेळाडूवर नाही, हा त्या खेळाचा नियमच आहे. भाच्याने पुस्तिका हातात न घेताच पत्ते नीट लावून ठेवले, चष्मा खिशात घातला आणि "चहा झाला असेल" असे म्हणत तो स्वयंपाकघराकडे गेला.

खेळातल्या हारजितीवरून रुसावे, असे त्याचे वय नाही आणि स्वभावही नाही. मग एवढे काय झाले? वाचकांना सांगायला हवे की भाच्याला मूलबाळ नाही. येत्या जूनमध्ये परीक्षा संपली की नातवाने त्याच्या अडतीवर यावे, दोन वर्षांत बँकेच्या खात्यावर सही करण्याचा अधिकार घ्यावा, असे दोन्ही घरांत ठरत आलेले आहे. रात्री अंगणात तो मला म्हणाला, "मामा, खेळ आहे, हे मला कळतं. त्यानं फसवलं याचं काही वाटलं नाही. पण फसवताना त्याच्या चेहऱ्यावर काहीही हललं नाही. उद्या शेतकरी समोर बसेल. पट्टी निघायच्या आधी मी त्याला शब्दावर उचल देतो आणि तोही शब्दावर माल टाकून जातो. तिथं हा पुस्तिका काढून दाखवणार का?"

मला त्या रात्री लवकर झोप लागली नाही. नोकरीतील दोन माणसे आठवत राहिली. एका शाखेत असताना एक लहान व्यापारी हप्त्याच्या आदल्या दिवशी, बँक उघडताच, माझ्या टेबलापाशी आला आणि म्हणाला, "साहेब, उद्या जमणार नाही. आठ दिवस द्या." त्याचे तारण बेताचे होते, पण आदल्या दिवशी येऊन सांगण्याचे जे बळ त्याच्यात होते, ते कोणत्याही तारणाहून मोठे होते. नवव्या दिवशी पैसे भरले गेले. दुसऱ्या एका गृहस्थांची कागदपत्रे अशी बिनचूक की तपासनीसाने नमुना म्हणून दाखवावीत. त्यांनी तोंडी कबूल केलेल्या एका गोष्टीची मी आठवण दिली, तेव्हा ते हसून म्हणाले, "करारात तसं कुठं लिहिलंय?" त्यांच्या कर्जाचे पुढे काय झाले ते वाचक ओळखतील.

सकाळी नातू माझ्याशेजारी येऊन बसला. मी काही बोलण्यापूर्वी त्यानेच विचारले, "आजोबा, काका चिडलेत का?" मी भाच्याचे शब्द जसेच्या तसे सांगितले. तो काही वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला, "पण लिलावात काकासुद्धा मूठ लपवत होते. चेहरा तर ते माझ्यापेक्षा कोरा ठेवतात. ते चालतं?"

प्रश्न रास्त होता. मी उत्तर दिले ते असे. मिटलेली मूठ ही सर्वांना ठाऊक असलेली गोष्ट आहे. तिच्यात काय आहे हे मी सांगत नाही, एवढेच मी जगाला सांगतो. न बोलणे हा व्यापाऱ्याचा हक्क आहे. पण एकदा बोललो की समोरचा त्या बोलण्यावर आपला माल हलवतो. भाच्याने त्याच्या बोलण्यावर तीन नाणी हलवली होती. मौन राखणे आणि खोटे बोलणे यांत हा फरक आहे. आपल्याकडे सत्याचे अणुव्रत सांगितले आहे तेही गृहस्थाला झेपेल असेच आहे; सारे गुपित उघडे करा, असे ते म्हणत नाही.

नातू म्हणाला, "पण हा खेळच तसल्या माणसांचा आहे. सगळे सज्जनासारखे वागले तर खेळायचं काय?"

म्हणून मी त्याला त्या 'तसल्या माणसांचा' खरा हिशेब दाखवला. रोमन लोकांत ग्लॅडिएटरांची पहिली लढत इसवी सनापूर्वी 264 मध्ये, एका पित्याच्या अंत्यविधीनिमित्त त्याच्या मुलांनी घडवून आणली, असे नोंदलेले आहे. लढलेल्या जोड्या होत्या तीन. पुढे त्याचा धंदा झाला. योद्धे भाड्याने देणारे व्यापारी निर्माण झाले. दुसऱ्या शतकातील गायस नावाच्या विधिज्ञाने आपल्या कायद्याच्या पाठ्यग्रंथात एक उदाहरण चर्चेला घेतले आहे. मी तुला ग्लॅडिएटर देतो. जो धडधाकट परत येईल त्याच्या घामापोटी मला 20 दिनार दे आणि जो मरेल किंवा पंगू होईल त्याच्यापोटी 1000 दिनार दे. तर हा व्यवहार भाड्याचा की विक्रीचा? गायसचे उत्तर असे की, परत आला तर भाडे, न आला तर विक्री. व्यवहार कोणता हे लढतीनंतर ठरते.

नात हे ऐकत होती. ती म्हणाली, "नोंद अगदी बरोबर आहे. फक्त माणूस कुठल्या खात्यात टाकलाय ते बघा." करार चोख, रक्कम ठरलेली, कायदा स्पष्ट, आणि ज्याचे प्राण जाणार त्याला विचारलेलेच नाही. इसवी सन 177 मध्ये रोमन सिनेटने या योद्ध्यांच्या किमतींवर प्रतवारीनुसार मर्यादा घातली. कारण काय, तर खेळ भरवणाऱ्या प्रतिष्ठितांना खर्च परवडेना. तो ठराव कोरलेला कांस्यपट स्पेनमधील इटालिका येथे सापडला आहे. त्या वेळी गादीवर असलेला मार्कस ऑरेलियस हा बादशहा स्वतः मात्र रक्तपात पाहू शकत नसे. आपल्यासमोर लढणाऱ्यांना तो बोथट शस्त्रे द्यायला लावी, असे डिओ हा इतिहासकार सांगतो.

आणि ज्याच्या नावाने हा खेळ आहे तो स्पार्टाकस? तो कापुआतील लेंट्युलस बॅटिएटसच्या आखाड्यातला योद्धा. इसवी सनापूर्वी 73 मध्ये तो सत्तरएक सोबत्यांसह स्वयंपाकघरातले सुरे आणि सळया घेऊन तेथून निसटला. दोन वर्षे रोमच्या सैन्याला त्याने हैराण केले. इसवी सनापूर्वी 71 मध्ये क्रॅससने त्याचा पराभव केला आणि पकडलेल्या 6000 जणांना कापुआपासून रोमपर्यंतच्या रस्त्यावर क्रुसावर चढवले. खेळात आपण ज्या बॅटिएटसची गादी चालवतो, त्याच्याच पेढीवरचे ते पत्ते होते. त्या धन्याची वही जुळत होती, पण वहीतल्या माणसांचा त्याच्यावर कवडीचा विश्वास नव्हता. एका रात्रीत पेढी रिकामी झाली.

नातू बराच वेळ बोलला नाही. मी त्याला उपदेश केला नाही, एक प्रयोग सुचवला. पुन्हा एक डाव खेळू. सारे नियम तेच. फक्त दिलेला शब्द चिठ्ठीवर लिहायचा, पटावर ठेवायचा आणि पाळायचा. जे द्यायचे नसेल ते बोलायचे नाही. भाचा आधी तयार नव्हता; सौ.नी त्याला हाताला धरून बसवले.

जुन्या सवयीने मी दोन्ही डावांतील करारांची टिपणे ठेवली होती. पहिल्या डावात एकूण पाच करार झाले होते आणि तिसऱ्या फेरीनंतर पाठिंबा मागायला कोणी कोणाकडे फिरकत नव्हते. दुसऱ्या डावात चौदा करार झाले. पाठिंबा मिळतो, उधारी परत येते, याची खात्री झाल्यावर माणसे मोठे डाव मांडू लागली. नातीने भाच्याकडून पाच नाणी दोन फेऱ्यांच्या बोलीवर घेतली आणि एक नाणे वर घालून परत केली. खेळ मिळमिळीत होईल, ही नातवाची भीती खरी ठरली नाही. उलट डावपेच वाढले, कारण आता फसवण्याऐवजी शब्द नेमका कसा द्यावा याचा विचार करावा लागत होता. एकदा नातू बोलता बोलता मध्येच थांबला आणि म्हणाला, "नाही, हे मी देऊ शकणार नाही." भाच्याने तेव्हा मान वर करून त्याच्याकडे पाहिले. त्या डावात नात जिंकली. नातू तिसरा आला.

एका डावाने माणूस ओळखता येतो, असा माझा दावा नाही. पहिल्या डावावरून नातवाला खोटा ठरवणे जितके चुकीचे, तितकेच दुसऱ्यावरून त्याला खरा ठरवणे. पण पंधरा वर्षे कर्जप्रस्तावांवर शिफारस लिहिल्यानंतर एक गोष्ट मी खात्रीने सांगतो: माणसाचे वळण मोठ्या व्यवहारात प्रथम दिसत नाही, जेथे काहीच पणाला नाही असे त्याला वाटते तेथे दिसते. म्हणून मुले फासे-पत्ते घेऊन बसली तर लांबून रागावण्याऐवजी एक डाव त्यांच्याबरोबर बसून खेळावा. घरातला पैसा पटावर येऊ देऊ नये. रक्तपात जेवढा गाळता येईल तेवढा गाळावा. आणि कोण जिंकले याहून कोणी कसा शब्द दिला, याकडे लक्ष ठेवावे. त्यात आपण स्वतःही आलो.

सुट्टी संपवून परत निघताना भाचा नातवाला म्हणाला, "जूनमध्ये ये. पहिलं वर्ष वसुलीला फिरायचं. उधारीची वही तुझ्याकडे देतो." सहीच्या अधिकाराचे नाव त्याने काढले नाही. ते योग्यच झाले, असे माझे मत आहे. नातवालाही तसेच वाटते, असे त्याने मला फोनवर सांगितले; आणि या वेळी त्याच्या बोलण्यावर विश्वास ठेवायचे मी ठरवले आहे.